जिंकले की आपले, हरले की त्यांचे

पेढ्यांचा पुडा तिथंच खाली ठेव. मी आत्ता खाणार नाही. बस. आधी ऐकून घे, मग हे पेढे कुणाला वाटायचे ते तूच ठरव.

काल ग्रहणाच्या रात्री राजगीरला आपल्या हॉकी संघानं कोरियाला ४-१ असं हरवलं. आठ वर्षांनी आशिया चषक परत आला. पुढच्या वर्षीच्या विश्वचषकाची जागाही पक्की झाली. मी सामना पहिल्या शिट्टीपासून पाहिला. पहिल्याच मिनिटाला सुखजीतनं गोल केला, तो तू पाहिलास? नाही पाहिलास. तोंड उघडू नकोस, मला माहीत आहे. तू उगवलास तो सामना आटोपल्यावर. स्टेटस ठेवलास, "आपण जिंकलो!" आणि आज सकाळी तुमसरहून पेढे आणलेस.

"आपण"? हा "आपण" कधी जन्माला आला?

जून आठव. मृग लागला होता, पऱ्हे टाकायची घाई होती. पानठेल्यावर तुम्ही चारजण उभे होता. कुणीतरी सहज विचारलं, हॉकीचं काय झालं? तू म्हणालास, "ते त हारूनच राह्यले जी. हारणाऱ्याले किती दिवस पाहाचं?" मी मागं उभा होतो. तुझी नजर माझ्यावर गेली आणि तू मान खाली घालून हातातली खर्ऱ्याची पन्नी घोटत राहिलास. त्या खर्ऱ्याबद्दल मी वेगळं बोलणार आहे, आज नाही. आज "ते" या शब्दाबद्दल बोलतो. जूनमध्ये "ते" हरत होते. सप्टेंबरात "आपण" जिंकलो. सर्वनामं मीच शिकवली तुला. अशी नव्हती शिकवली.

दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर मी छत्री उचलून घरी आलो असतो. ज्याला कळत नाही त्याच्यावर मी शब्द खर्च करत नाही. तुला कळतं. तेच दुखतं मला.

जूनमध्ये काय झालं होतं ते तुला ठाऊक तरी आहे का? "हारूनच राह्यले" एवढं बोलून तू मोकळा झालास. प्रो लीगचे सामने युरोपात होते. ओळीनं सात सामने गेले. नेदरलँड्सकडून दोन, अर्जेंटिनाकडून दोन, ऑस्ट्रेलियाकडून दोन, बेल्जियमकडून एक. सातपैकी सहा सामने एकेका गोलानं. १-२, २-३, ३-४. एक गोल म्हणजे किती रे? शेवटच्या मिनिटाला पाय चेंडूला लागला, पेनल्टी कॉर्नर मिळाला, संपलं. पुढच्यापेक्षा बोटभर कमी पडलेला संघ आणि खेळताच न येणारा संघ, यातला फरक तुला समजत नाही? तू स्वतः हाफबॅक खेळलास. आठवा सामना पुन्हा बेल्जियमशी होता. तो ४-३ असा जिंकला. सात पराभव अंगावर घेऊन आठव्या सामन्याला पुन्हा उतरायचं आणि जिंकायचं, याला काय लागतं ते शिकण्यासाठी तुला तो एकच सामना पुरेसा होता. तो तू पाहिला नाहीस. काल चषक उचलणाऱ्यांत बहुतेक तीच पोरं होती. आकाशातून नवी नाही आली.

आता तुझी कारणं घेऊ. मला ती पाठ आहेत.

पहिलं कारण, "हरणारा संघ पाहवत नाही." खोटं. धडधडीत खोटं. डिसेंबर २०२० मध्ये अ‍ॅडलेडला आपला क्रिकेट संघ ३६ धावांत गारद झाला. छत्तीस! शाळेतल्या पोरांनीही एवढ्या काढल्या असत्या असं तूच म्हणाला होतास. पुढच्याच आठवड्यात मेलबर्नची कसोटी पहाटे पाचला सुरू झाली तेव्हा तुझ्या घरात दिवा लागला होता की नव्हता? लागला होता. थंडीत घोंगडं पांघरून बसला होतास. १९ नोव्हेंबर २०२३ ला अहमदाबादला विश्वचषकाचा अंतिम सामना गेला. तू दोन दिवस कुणाशी बोलला नाहीस. चौथ्या दिवशी त्याच ऑस्ट्रेलियाशी ट्वेंटी-ट्वेंटी होता, तोही पाहिलास. चांगलं केलंस. पराभव गिळता येतो तुला, पचवताही येतो. मग हॉकीच्या वेळीच तुझ्या घशाला काय होतं?

मी सांगतो काय होतं ते. क्रिकेट हरतं तेव्हा अख्खा पानठेला सोबत रडायला असतो. हॉकी हरते तेव्हा एकट्यानं रडावं लागतं. तुला हरण्याची भीती नाहीच. तुला एकटं पडण्याची भीती आहे. आणि त्या भीतीला तू "हॉकीत राम नाही राहिला" असं नाव देतोस. भीतीला भीती म्हण. निदान तेवढा तरी प्रामाणिकपणा ठेव.

दुसरं कारण टर्फचं. "गवतावर आपण राजे होतो जी, गोऱ्यांनी टर्फ आणून फसवलं." हे वाक्य तुझ्या बापानं मला ऐकवलं, आता तू ऐकवतोस. १९७६ ला माँट्रियलच्या ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर हॉकी झाली, आपण सातवे आलो, हे खरं. आपल्याकडे अशी मैदानं उशिरा आली आणि कमी आली, हेही खरं. पण त्याला आता पन्नास वर्षं होतील! पन्नास वर्षं एकच कारण पुरवून पुरवून खातो आहेस. तेव्हाच्या संघाला ते कारण शोभत होतं. आजच्या पोरांनी ते कधीच मागं टाकलं. धरून बसला आहेस तो तू.

तिसरं, "हॉकीत राजकारण फार." आहे. पदाधिकाऱ्यांनी या खेळाची किती नासाडी केली ते मी तुझ्यापेक्षा जास्त वर्षं पाहतो आहे. २००८ मध्ये आपण ऐंशी वर्षांत पहिल्यांदा ऑलिंपिकला पात्र ठरलो नाही. चिलीत सांतियागोला ग्रेट ब्रिटननं २-० असं हरवलं. पुढच्याच महिन्यात लाचेचं प्रकरण बाहेर आलं आणि भारतीय हॉकी महासंघ निलंबित झाला. राग यायलाच हवा. मला आजही येतो. पण खुर्चीवरच्या माणसाचा राग मैदानातल्या पोरावर का काढतोस? सरपंचावर चिडून कुणी गावाच्या विहिरीत माती टाकतं का?

आणि "वेळ नाही" हे तर बोलूच नकोस. हॉकीचा सामना पंधरा पंधरा मिनिटांच्या चार तुकड्यांचा. साठ मिनिटं. आयपीएलच्या दोन महिन्यांत तू रोज किती तास घालवतोस ते तुझी बायको मला सांगून गेली आहे.

आता जरा मागं जा. सातवीच्या सहलीला आपण आंबागडच्या किल्ल्यावर गेलो होतो. बुरजाच्या सावलीत शिदोऱ्या सोडल्या होत्या. तिथं मी तुम्हाला एक गोष्ट सांगितली होती. बाकीची पोरं चिंचा पाडायला पळाली, तू एकटा शेवटपर्यंत बसून राहिलास. विसरला असशील. पुन्हा सांगतो, कारण तू तिच्यातला कोण आहेस ते आज तुला ठरवायचं आहे.

१९२८ साल. भारताचा हॉकी संघ पहिल्यांदाच ऑलिंपिकला निघाला. जयपालसिंग कप्तान, संघात ध्यानचंद. बोट मुंबईहून सुटणार होती. त्याआधी मुंबईच्या संघाशी एक सामना झाला आणि हे ऑलिंपिकवाले ३-२ असे हरले. घरच्या मैदानावर, घरच्याच लोकांकडून. झालं. मुंबईकरांनी ठरवलं, हे काय दिवे लावणार! १० मार्चला कैसर-ए-हिंद बोट सुटली तेव्हा निरोप द्यायला किती माणसं आली असतील? तीन. मोजून तीन. महासंघाचे दोघे, अध्यक्ष बर्न-मर्डॉक आणि उपाध्यक्ष न्यूहॅम, आणि तिसरे भट्टाचार्जी नावाचे एक पत्रकार. एवढं मोठं मुंबई शहर, आणि धक्क्यावर तिघंजण हात हलवत उभे.

पुढचं तुला पाठ आहे. ॲमस्टरडॅमला पाच सामने, एकोणतीस गोल, त्यातले चौदा एकट्या ध्यानचंदचे, आणि अंगावर एकही गोल नाही. सुवर्णपदक. बोट परत आली तेव्हा त्याच धक्क्यावर माणसांचा समुद्र. हार, फुलं, जयजयकार. ध्यानचंदनं आपल्या आत्मचरित्रात हे दोन्ही लिहून ठेवलं. गर्दीबद्दल त्यानं लिहिलं, आणि त्या तिघांची नावंही लिहिली.

कळलं? परतीच्या गर्दीत हजारोंनी माणसं होती आणि त्यातल्या एकाचंही नाव आज मला सांगता येत नाही. काल रात्रीच्या तुझ्या स्टेटसखाली किती जणांनी अंगठे दाखवले? त्या सगळ्यांना घेऊन तू परतीच्या धक्क्यावर उभा आहेस. जूनमध्ये धक्का रिकामा होता. मी तिथं होतो, म्हणून सांगतो.

मी एकटा होतो याची मला खंत नाही. खंत ही की तिथं दुसरा कोण असणार याची मला खात्री होती, आणि तो आला नाही.

का खात्री होती? सांगतो. १९ डिसेंबर १९९८. शाळेच्या व्हरांड्यात रेडिओ लावला होता. बँकॉकला आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना, समोर कोरिया. त्याच वर्षी विश्वचषकात आपण नववे आलो होतो, म्हणून कुणी ऐकायला थांबलं नव्हतं. मळणीचे दिवस, पोरं खळ्यावर. तू थांबलास. पेनल्टी स्ट्रोकवर आपण जिंकलो तेव्हा तू व्हरांड्याच्या खांबाला मिठी मारलीस. बत्तीस वर्षांनी सुवर्ण आलं होतं. धनराज कप्तान होता. आणि लगेच काय झालं? सुवर्ण आणणाऱ्या त्या संघातल्या सहाजणांना वगळलं, त्यात खुद्द धनराज. तू मला विचारलंस, "गुरुजी, असं कसं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग सप्टेंबर २०००. सिडनी. पोलंडला हरवलं की उपांत्य फेरी. १-० असे पुढे होतो. शेवटच्या क्षणांत गोल खाल्ला, १-१. धनराज मैदानावर रडला. त्या दिवशी तू जेवला नाहीस, तुझी आई मला विचारायला आली होती की शाळेत पोराला मारलं की काय. चौदा वर्षांचं पोर खडकीच्या एका माणसासाठी उपाशी झोपलं. तो तूच ना? की दुसरा कुणी होता?

तो धनराज पिल्ले. पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीतला. दुसऱ्यांनी टाकून दिलेल्या मोडक्या काठ्यांना दोरी गुंडाळून तो आणि त्याचे भाऊ खेळत. चार ऑलिंपिक खेळला. बार्सिलोनात संघ सातवा, अटलांटात आठवा, सिडनीत सातवा, अथेन्समध्ये सातवा. पंधरा वर्षं देशासाठी पळला आणि ऑलिंपिकचं एक पदकसुद्धा गळ्यात पडलं नाही. "हारणाऱ्याले किती दिवस पाहाचं" असा हिशेब त्यानं मांडला असता तर १९९२ लाच काठी ठेवून दिली असती. खेळणारा पंधरा वर्षं थांबतो. तुला पंधरा दिवस थांबवत नाही, आणि तुला तर पळायचंही नाही, नुसतं बसून पाहायचं आहे.

लंडन घे. २०१२. सहा सामने, सहाही हरलो. बारा संघांत बारावे. शेवटचे. गावात कुणी नाव काढत नव्हतं. त्या संघात श्रीजेश होता, मनप्रीत होता, बिरेंद्र लाक्रा होता. नऊ वर्षांनी, ५ ऑगस्ट २०२१ ला, टोकियोत जर्मनीशी कांस्यपदकाचा सामना. आपण १-३ मागे. तिथून ५-४. शेवटचे सहा सेकंद उरले असताना जर्मनीला पेनल्टी कॉर्नर मिळाला आणि श्रीजेशनं तो अडवला. एक्केचाळीस वर्षांनी पदक. मनप्रीत कप्तान, लाक्रा संघात. हे तिघं लंडनच्या तळापासून चालत आले होते. तू त्या दिवशी फटाके फोडलेस. मीही आनंदानं पाहत होतो. पण ते पदक पाहताना मला बारावा क्रमांक दिसत होता, म्हणून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तुला नुसतं पदक दिसलं. ज्यानं मधली नऊ वर्षं पाहिली नाहीत त्याला गोलपोस्टवर चढून बसलेल्या श्रीजेशचा चेहरा काय वाचता येणार?

थांब, आणखी एक आहे. निदान तू शिव्या तरी देत नाहीस, एवढं तुझ्या बाजूनं बोलतो. गप्प राहून पाठ फिरवणारे एक, आणि तोंड सोडणारे दुसरे. १९८२ ला दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत पाकिस्ताननं अंतिम सामन्यात ७-१ असं हरवलं. गोलरक्षक मीररंजन नेगी. लोकांनी त्याला देशद्रोही ठरवलं. विकला गेला म्हणाले. एका सामन्यावरून एका माणसाचं आयुष्य जाळलं. सोळा वर्षांनी, तुझ्या त्या रेडिओवरच्या बँकॉकच्या सुवर्णाच्या वेळी, गोलरक्षकांना शिकवायला कोण होता? तोच नेगी. ज्यांनी त्याला शिव्या दिल्या ते कुठे होते ते विचारू नकोस. आणि टोकियोत मुलींचा संघ उपांत्य सामना हरला त्या दिवशी हरिद्वारजवळ वंदना कटारियाच्या घरासमोर फटाके फोडले आणि जातीवरून शिवीगाळ केली, अशी तक्रार तिच्या घरच्यांना पोलिसांत द्यावी लागली. ऑलिंपिकमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारी पहिली भारतीय बाई ती. तू असलं काही करणार नाहीस, मला माहीत आहे. पण शिव्या देणारे दहा असतात तेव्हा पाठीशी उभं राहणारे शंभर लागतात. ते शंभर तुझ्यासारखे. ते पानठेल्यावर पन्नी घोटत असतात.

मी आंधळेपणानं टाळ्या वाजवायला सांगत नाही. चुका दिसल्या तर बोल. पेनल्टी कॉर्नर वाया गेले, शेवटच्या पाच मिनिटांत बचाव ढिला पडला, सांग की! ज्यानं सामना पाहिला त्याला बोलायचा हक्क आहे. मी तुझा कान धरतो तो तू माझा म्हणून. परक्याचा धरला असता का?

तुझ्या बापाकडून हे शिकायला तुला लांब जायला नको होतं. दुष्काळाच्या वर्षी तुमची बोडी कोरडी ठाक पडली होती. तळाला भेगा. शेजारचा म्हणाला, पाळ फोड आणि तेवढ्यात तूर टाक, पाणी आता काही येत नाही. तुझा बाप उन्हाळाभर गाळ उपसत होता आणि पाळीवर माती चढवत होता. मी जाता-येता पाहायचो. कोरड्या बोडीची पाळ बांधणारा माणूस! आपल्या या भंडारा जिल्ह्यातले मालगुजारी तलाव असेच टिकले. ज्या वर्षी पाणी नव्हतं त्या वर्षीही पाळ राखली म्हणून पुढच्या वर्षी पाणी थांबलं. आज तुझं धान पोटरीत आलं आहे ते कुणाच्या पाण्यावर? सांग ना. मागच्या साली तुडतुड्यानं अर्धी बांधी बसवली तेव्हा तू शेती विकलीस का? "ते धान" म्हणालास का? नाही. पुन्हा रोवणी केलीस. म्हणजे येतं तुला. हरलेल्या गोष्टीवर पुन्हा वाकणं तुझ्या रक्तात आहे. फक्त जिथं तुझं पोट नाही तिथं तू ते वापरत नाहीस.

आणि घरात काय शिकवतो आहेस? तुझी पोरगी परवा माझ्याकडे आली होती. दहा वर्षांची. माळ्यावर तिला एक काठी सापडली म्हणाली. धावड्याची, मुळाशी वाकलेली, मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. ती तुझी. मीच तुला ती जंगलातून निवडून दिली होती, वाक बरोबर आहे की नाही ते जमिनीवर टेकवून पाहून. पट्टी तू स्वतः चढवलीस, तीन दिवस लागले होते तुला, कारण ती सैल पडली की चेंडू हातून निसटायचा. पोरीनं विचारलं, "आबाजी, हे कशाची काठी? बाबा म्हणे, ठेव, म्हैस हाकलाले होईल." म्हैस हाकलायला!

तिला काय सांगू मी? तिला मी सांगितलं की सिमडेग्याकडच्या एका खेड्यातली सलीमा टेटे अशीच घरच्या काठीनं खेळायला लागली आणि आज ती भारताची कप्तान आहे. पोरगी म्हणाली, "मुलींचीपण टीम असते?"

हे ऐकून मी गप्प झालो. तुझ्या घरातली पोर. ज्या घरात सिडनीसाठी उपवास घडला त्या घरात दहा वर्षांच्या पोरीला माहीत नाही की मुलींचा संघ असतो. काल राजगीरला पोरं जिंकली म्हणून तू पेढे आणलेस. आज हे सांग, पोरी कुठे आहेत? सांग. नाही माहीत. चीनमध्ये हांगझोऊला याच आठवड्यात मुलींचा आशिया चषक चालू आहे. परवा जपानशी २-२ अशी बरोबरी झाली. त्या संघात आपल्या महाराष्ट्राच्या दोघी आहेत, वैष्णवी फाळके आणि ऋतुजा पिसाळ, दोघीही सातारा जिल्ह्यातल्या. वैष्णवी फलटण तालुक्यातल्या आसूची, शेतकऱ्याची पोर. तुझ्यासारख्याच बापाची.

याच संघानं जूनमध्ये काय भोगलं ते पोरांपेक्षा वाईट होतं. एकामागून एक सामने गेले आणि संघ प्रो लीगच्या तळाला जाऊन स्पर्धेबाहेर पडला. त्याआधी जानेवारी २०२४ मध्ये रांचीला घरच्या लोकांसमोर जपानकडून ०-१ असा हरला आणि पॅरिसचं ऑलिंपिक हुकलं. एका गोलानं चार वर्षं गेली. टोकियोत याच संघातल्या मुली पहिले तीन सामने ओळीनं हरून, मग आयर्लंड, दक्षिण आफ्रिका आणि थेट ऑस्ट्रेलियाला हरवून चौथ्या आल्या होत्या, तेव्हा तूच म्हणाला होतास, "वाघिणी आहेत जी!" वाघिणी त्याच आहेत. फक्त आता त्या हरतात, म्हणून तुला त्यांचं वेळापत्रकही ठाऊक नाही.

अशा वेळी लागतो माणूस. काल राजगीरला तू नसतास तरी स्टेडियम भरलेलंच होतं, टीव्हीवर देश होता, पेढेवाल्याचा धंदा झालाच असता. तुझी गरज काल नव्हती. तुझी गरज हांगझोऊच्या त्या पोरींना आहे, आणि तुझ्या माळ्यावरच्या काठीला आहे. तू म्हणशील, इथं आंबागडात बसून मी पाहिलं काय, नाही पाहिलं काय, त्यांना काय कळणार? त्यांना नाही कळणार. तुझ्या पोरीला कळेल. ती तुझ्या शेजारी बसलेली असेल. बाप हरणाऱ्या सामन्यातूनही उठून जात नाही हे ती पाहील. आणि उद्या ती स्वतः कुठे हरली, गणितात म्हण, धावण्यात म्हण, संसारात म्हण, तर बाप आपल्याजवळून उठून जाणार नाही हे तिला न सांगता ठाऊक असेल. आज ते तिला ठाऊक आहे का? विचार तिला. माझ्यासमोर नको, घरी जाऊन विचार.

मान वर कर. रडायला सांगितलं नाही मी.

चौदा तारखेपर्यंत पोरींची स्पर्धा आहे. जिंकतील की हरतील मला माहीत नाही. चीनचा संघ त्यांच्या घरी खेळतो आहे आणि तगडा आहे. माझ्या फोनचा पडदा लहान, माझी नजर आता चेंडूमागं पोचत नाही. कुणीतरी शेजारी बसून सांगावं लागतं, चेंडू कुणाकडे गेला, कॉर्नर कुणाला मिळाला. पडवीत दोन खुर्च्या आहेत, तिसरी आतून आणतो. पोरीला घेऊन ये. येताना ती काठी आण, मुठीची पट्टी कुजली आहे, ती बदलू. नवी ट्यूब माझ्याकडे आहे.

पेढे घेऊन जा. पोरी हरल्या तर त्या संध्याकाळी आण. मी खाईन.